आधी बोला, मग ‘आ करा’ म्हणा : दंतवैद्यांना खुले पत्र

समस्त दंतवैद्यांना आणि रूट कॅनल करणाऱ्या तज्ज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची अवस्था जरा डोळ्यांपुढे आणा. तोंड उघडं, ओठ बधिर, एका कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा. तुम्ही विचारता, “ठीक आहे ना?” तो घशातून कसलासा आवाज काढतो आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘हो’ असा लावून पुढे जाता. जागा असूनही ज्याला एक शब्द बोलता येत नाही, असा रुग्ण बहुधा तुमच्याकडेच सापडेल. म्हणूनच रूट कॅनलबद्दल जे काही बोलायचं ते तोंड उघडण्याच्या आधी बोलून व्हायला हवं. नेमकं तेच होत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. पत्र लांबणार आहे, कारण या एका तक्रारीच्या पोटात बरंच काही आहे.

तुमच्या हातांबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्यांनी 1838 मध्ये घड्याळाची स्प्रिंग घासून मुळाची नळी साफ करायचं पहिलं हत्यार बनवलं, असं सांगतात. तेव्हा आजच्यासारखी भूल नव्हती, एक्स-रे नव्हता, जंतू हे दुखण्याचं मूळ आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आज तुमच्याकडे वाकड्या मुळातून वळत जाणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स, म्हणजे नळी घासायच्या बारीक सुया, आहेत, मुळाचं टोक कुठे आलं ते सांगणारं यंत्र आहे, दातापुढे धरण्याइतका छोटा एक्स-रे आहे. उपकरणं कुठल्या कुठे पोचली. संभाषण मात्र अजून “आ करा”, “अजून थोडं”, “चूळ भरा” इथेच आहे.

सुरुवात फोनपासून करू या. दाढ ठणकते म्हणून माणूस फोन करतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी ऐकू येतात: अमुक वाजता या आणि तोवर ही गोळी घ्या. मधल्या काळात त्याच्या डोक्यात काय चाललंय याची कुणाला कल्पना नसते. त्याला पडलेले प्रश्न साधे आहेत. दिवसभर बरी असलेली दाढ रात्रीच का छळते? एवढ्याशा दाताचं दुखणं कानापर्यंत कसं जातं? वरची दुखते की खालची, हेच नीट का कळत नाही?

या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा असतो. बोट मुरगळलं तर ते सुजून मोठं होतं, सुजेला पसरायला जागा मिळते. दाताच्या भिंती तसूभरही हलत नाहीत. कीड आत पोचली, गाभा सुजला की दाब वाढतो आणि तो सगळा नसांवर येतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब आणखी वाढतो, म्हणून उशीवर डोकं टेकलं की नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका सुरू होतो. चेहऱ्याच्या त्या बाजूच्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या शाखांमधून मेंदूकडे जातात, त्यामुळे मेंदूलाच पत्ता नीट लागत नाही. वरची दाढ बिघडलेली असताना माणूस खालच्या दाढेवर बोट ठेवून शपथेवर सांगतो, हीच! उजवीकडचं दुखणं डावीकडे मात्र सहसा जात नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दिली नाहीत तर पुढे काय होतं? रुग्ण एका दाढेकडे बोट दाखवतो, तुम्ही गार कापूस लावून आणि ठोकून बघता आणि भलतीच दाढ उघडायला घेता. तुमचं बरोबर असतं. पण खुर्चीतल्या माणसाची खात्री पटलेली असते की डॉक्टर चुकीचा दात कोरताहेत, आणि हे त्याला बोलताही येत नाही. अशा वेळी त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला तर त्याला भित्रा म्हणू नका.

फोनवरच आणखी एक गोष्ट विचारता येईल, ती म्हणजे दुखतं कसं. गार पाणी लागल्यावर दात शिवशिवतो आणि पाणी गेलं की क्षणात थांबतो, तर गाभा अजून सावरण्यासारखा असतो. कीड काढून नीट फिलिंग केलं तर काम भागू शकतं. पण गरम लागल्यावर कळ येते आणि पुढे कितीतरी वेळ रेंगाळते, काहीही न लागता आपोआप ठणका उठतो, झोपेतून जाग येते, तर गाभा बहुधा परतीच्या पलीकडे गेलेला असतो. रुग्णाला हा फरक माहीत असला तर शिवशिवणाऱ्या दाताकडे तो सहा महिने काणाडोळा करणार नाही. मग रूट कॅनलचं नावही काढावं लागणार नाही. (तुमच्या धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला तोट्याचा आहे, याची जाणीव आहे.)

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो मुद्दा. दाढेच्या दुखण्यात सर्वांत फसवी वेळ असते ती दुखणं थांबण्याची. दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो, तिसऱ्या दिवशी सकाळी ठणका गायब. माणूस हायसं म्हणतो आणि तुमच्याकडची वेळ रद्द करतो. त्याच्या दृष्टीने दाढ बरी झाली. खरं तर बऱ्याचदा गाभा मेलेला असतो. नसाच मेल्या तर दुखेल काय? आतले जंतू मात्र जिवंत असतात आणि त्यांना आता अडवणारं आत काही उरलेलं नसतं. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडतात, भोवतीचं हाड झिजू लागतं. कधी महिनोन्‌महिने काही कळत नाही, कधी एका रात्रीत गाल फुगतो. वेळ रद्द करायला फोन आला की तुमच्याकडचं जे कोणी तो उचलतं, त्याने “बरं, कधीचं देऊ?” एवढंच न विचारता एक वाक्य म्हणावं: “दुखणं आपोआप थांबलं असेल तर तपासून घेणं जास्तच गरजेचं आहे.” या एका वाक्याने कितीतरी दाढा वाचतील.

जंतूंचं सांगितलं तर लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग तुम्ही शिकताना वाचला असेल. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांना भोक पाडून गाभा उघडा टाकला, तर तो स्वतःच भरून आला. साध्या उंदरांमध्ये तोच गाभा सडला. म्हणजे उघडं पडण्यापेक्षा जंतूंनी आत घुसणं गाभ्याच्या जिवावर उठतं. माझ्या घरात रूट कॅनलला ‘नस मारणं’ म्हणत आणि त्यामुळे त्याची धास्ती होती. ही गोष्ट सांगितल्यावर सगळ्यांना कळलं की मुद्दा आतली घाण काढून ती जागा बंद करण्याचा आहे. कागदावर दाताचं चित्र काढून तुम्ही सांगितलंत तर माझ्यापेक्षा बरं सांगाल.

जंतूंवरून अँटिबायोटिक्स आठवली. मेलेल्या गाभ्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेलं औषध तिथवर पोचतच नाही. 2019 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना दाढदुखीच्या बहुतेक प्रकारांत अँटिबायोटिक देऊ नये. दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या आणि दातावर प्रत्यक्ष उपचार, हाच मार्ग. तरीही चिठ्ठीवर पाच दिवसांचा कोर्स लिहिलेला दिसतोच. तुम्ही म्हणाल, रुग्णच मागतात, दिलं नाही तर दुसऱ्याकडे जातात. मान्य. पण ते का मागतात? त्या गोळीने दाढेतलं काही बरं होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. उलट ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरू लागली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं असतं. जिभेखालची ही जीवघेणी सूज 1836 मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी वर्णन करून ठेवली आहे. हेही बहुतेकांना माहीत नाही. हे चार ओळींत छापून चिठ्ठीच्या पाठीमागे द्यायला किती खर्च येईल?

भुलीबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंच आहे. “अजिबात दुखणार नाही” असं म्हणू नका. लिडोकेनसारखी औषधं आल्यापासून बहुतेक वेळा खरंच दुखत नाही, हे कबूल. पण खूप सुजलेली, ठणकणारी खालची दाढ भुलीला नेहमी दाद देत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सुजलेल्या जागेत आम्लता वाढते आणि भुलीचं औषध नसेत पुरेसं शिरत नाही. ओठ जड होतो, गाल बधिर होतो, आणि ड्रिल गाभ्याजवळ पोचला की वीज चमकावी तशी कळ जाते. ज्याला ‘अजिबात नाही’ असं वचन मिळालं होतं तो त्या क्षणी दोन गोष्टी ठरवून टाकतो: आपल्यातच काहीतरी गडबड आहे आणि या डॉक्टरवर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही. पुढची दाढ दुखेल तेव्हा तो येणार नाही, आणि येईल तेव्हा उशीर झालेला असेल.

त्याऐवजी असं म्हणा: “सहसा दुखत नाही. पण तुमची दाढ फार सुजली आहे, पहिली भूल कमी पडली तर माझ्याकडे आणखी उपाय आहेत, दाताच्या बाजूने किंवा थेट गाभ्यात इंजेक्शन देता येतं. ते क्षणभर झोंबेल. डावा हात वर केलात की मी थांबेन.” मग हात वर झाला की खरोखर थांबा. “झालंच, झालंच” म्हणत आणखी दहा सेकंद पुढे नेऊ नका. ती दहा सेकंदं तुमच्या घड्याळातली आणि आमच्या घड्याळातली वेगळी असतात. मी एकदा अशी खूण ठरवून खुर्चीत बसले होते. पूर्ण वेळ हात मांडीवरच राहिला. हात वर करता येतो एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

उपचार चालू असतानाच्या बारीकसारीक गोष्टीही आधी सांगण्यासारख्या असतात. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवता, तेव्हा पहिल्यांदा आलेल्या माणसाला श्वास कोंडेल असं वाटतं. नाकाने श्वास घ्या, हा पडदा तुमच्यासाठीच आहे, असं म्हटलं तर तो शांत होईल. दाताच्या मुळात सोडायचं द्रावण म्हणजे घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन, ते घशात जायला नको आणि बारीक फाइल हातून निसटली तर तीही नको, म्हणून तो पडदा. 1864 पासून दंतवैद्य तो वापरत आले आहेत. जिथे तो वापरत नाहीत तिथे रुग्णाने कारण विचारावं, असं माझं मत आहे. मुळाची लांबी मोजायला ओठाच्या कोपऱ्यात तारेचा आकडा अडकवता आणि यंत्र पीप-पीप करू लागतं, टोक जवळ येतं तसं भराभर. रुग्णाला वाटतं काहीतरी बिनसलं. नंतर कागदाच्या इवल्याशा काड्या एकेक करून मुळात घालता आणि बाहेर काढून निरखता. आम्हाला त्या दिसतात, पण कशासाठी ते कळत नाही. आतला ओलावा टिपताय, एवढे दोन शब्द पुरे.

आता पैसे आणि कॅप. पहिल्याच दिवशी पूर्ण हिशेब सांगा, तोही लिहून. रूट कॅनलचे इतके, वरच्या फिलिंगचे इतके, कॅपचे इतके. दोन सिटिंगनंतर दाढ दुखायची थांबलेली असते आणि मग कॅपचा आकडा कानावर पडतो, तेव्हा रुग्णाला ती गळ्यात मारल्यासारखी वाटते. तो कॅप न बसवताच निघून जातो. आणि मग? रूट कॅनल झालेली दाढ सुकून ठिसूळ होते असं सांगतात, पण खरं कारण वेगळंच आहे. कीड आणि ड्रिल या दोघांनी मिळून तिचा मधला भाग पोखरलेला असतो, कडेच्या भिंती आधाराविना उभ्या असतात आणि चावताना एक दिवस फाटतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनल झालेले पण कॅप नसलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅपवाल्या दातांच्या सहापट आढळलं होतं. हे आधी सांगितलं तर माणूस पैशांची सोय करून येईल, किंवा दाढ काढायचं ठरवेल. पुढचा दात असेल आणि बहुतेक शाबूत असेल तर कदाचित कॅप लागणारही नाही, तेही सांगा.

हो, काढायचा पर्यायही बोलून दाखवा. दाढ काढण्याचा सल्ला म्हणजे हार, असं का समजता? ज्याच्या दाढेत आता वर कॅप बसवण्याइतकंही उरलेलं नाही, त्याला रूट कॅनलमध्ये ढकलण्यात काय अर्थ आहे? काढल्यानंतर त्या जागी काय करायचं, काहीच नाही केलं तर शेजारचे दात कलतात का, त्याचा खर्च किती, हे सगळं शेजारी शेजारी मांडा आणि निर्णय आमच्यावर सोडा. काही वेळा गाभ्याचा फक्त वरचा भाग काढून उरलेला वाचवता येतो, तशी शक्यता असेल तर तेही सांगा.

तात्पुरत्या फिलिंगबद्दल एक ओळ: ते तात्पुरतंच आहे, आठवड्यांनंतर त्याच्या कडेने लाळ आत झिरपू लागते आणि केलेलं काम पाण्यात जातं, हे ठणकावून सांगा. “जमेल तेव्हा या” म्हणू नका.

काही बिघडलं तर लपवू नका. बारीक फाइलचा तुकडा मुळात मोडून राहतो, असं निष्णात हातांकडूनही होतं. त्याने दाढ गेलीच असं नाही, तोवर आतली सफाई किती झाली होती यावर बरंच अवलंबून असतं. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती सहज सापडत नाही. सांगितलंत तर आम्ही समजून घेऊ. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या एक्स-रेवर तो चमकणारा तुकडा आम्हाला पहिल्यांदा दिसला, तर मात्र समजून घेणं कठीण जाईल.

आणि एक विनंती, हसू नका. रूट कॅनल केलेला ‘मेलेला दात’ शरीरात विष सोडतो, त्याने संधिवात किंवा कर्करोग होतो, असं वाचून घाबरलेला माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. ही भीती जुनी आहे आणि तुमच्याच व्यवसायाच्या इतिहासातून आली आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1910 मध्ये माँट्रिअलमधल्या भाषणात सडक्या दातांवर बसवलेल्या सोन्याच्या कामांना कितीतरी आजारांचं मूळ ठरवलं. पुढे 1920 च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्यांनी उपचार केलेले दात सशांच्या कातडीखाली ठेवून प्रयोग केले. त्या लाटेत असंख्य लोकांचे दात उपटले गेले आणि त्यांचे सांधे दुखायचे ते दुखतच राहिले. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. एवढी गोष्ट सांगितलीत तर त्याची भीती जाईल. नुसतं “इंटरनेटवरचं वाचू नका” म्हणालात तर तो घरी जाऊन आणखी वाचेल.

शेवटी, काम संपल्यावर हातात एक कागद द्या. कुठली दाढ, किती नळ्या भरल्या, काय राहिलं, कॅप कधी, आणि चावताना थोडे दिवस दुखेल पण सूज आली तर फोन करा. भरल्यानंतरचा एक्स-रे आम्हालाही दाखवा. मुळांतून उतरलेल्या त्या पांढऱ्या रेघा आणि टोकाशी असलेली काळी सावली बोट ठेवून समजावून सांगा. ती सावली म्हणजे झिजलेलं हाड, आणि ते भरून यायला महिने लागतात, कधी काही वर्षंही, हे कळलं तर आठवड्याभरात आम्ही “अजून काळं का दिसतंय” म्हणून तुमचं डोकं खाणार नाही. वर्षभराने पुन्हा एक्स-रेसाठी तुम्हीच बोलवा. आम्ही आपण होऊन येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक रुग्ण